एका दिवसासाठी बनवलेल्या वस्तू: समलिंगी हक्कांच्या चळवळीतले फलक, बिल्ले आणि पत्रकं

वॉशिंग्टनमधल्या एका घराच्या माळ्यावर पुठ्ठ्याचे काही जुने फलक चाळीसेक वर्षं पडून होते. घर होतं फ्रँक कॅमेनी यांचं. १९६५ मध्ये ते आणि त्यांचे मोजके सहकारी हेच फलक हातात धरून व्हाइट हाउससमोर उभे राहिले होते. २००६ मध्ये हे फलक स्मिथसोनियन संस्थेच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात गेले. कॅमेनींकडची सुमारे ७० हजार कागदपत्रं लायब्ररी ऑफ काँग्रेसने घेतली.

ज्या सरकारने कॅमेनींना समलिंगी असल्याच्या कारणावरून नोकरीतून काढलं, त्याच सरकारच्या संग्रहालयात आज त्यांचे फलक आहेत. पण ते तिथे पोहोचले याचं कारण साधं आहे. त्यांनी ते फेकून दिले नाहीत.

समलिंगी हक्कांच्या चळवळीचा इतिहास सांगताना सहसा कायदे, खटले आणि निकालांच्या तारखा सांगितल्या जातात. पण कोणत्या वर्षी कोणाला काय बोलण्याची हिंमत झाली, हे निकालपत्रात सापडत नाही. ते सापडतं फलकांवर, बिल्ल्यांवर, हातात वाटलेल्या पत्रकांवर. अशा वस्तू काय असतात, त्या काय सांगतात आणि त्या जपणं इतकं अवघड का आहे, ते समजून घेऊ.

एफेमेरा म्हणजे काय?

थोड्या काळाच्या वापरासाठी तयार होणाऱ्या छापील किंवा हाताने बनवलेल्या वस्तूंना संग्रहालयांच्या भाषेत 'एफेमेरा' म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'एका दिवसापुरतं'. बसचं तिकीट, नाटकाची जाहिरात, लग्नपत्रिका, निवडणुकीचं पत्रक हे सगळं एफेमेरामध्ये येतं.

आंदोलनातला एफेमेरा म्हणजे हातफलक, कापडी फलक, पोस्टर, पत्रकं, बिल्ले, स्टिकर, छापील टी-शर्ट, मुखवटे. यांच्यावर बहुतेक वेळा वर्ष नसतं, कारण बनवणाऱ्याला ते उद्याच वापरायचं असतं. नावही नसतं, कारण नाव टाकणं धोक्याचं असतं. पुस्तकाला लेखक-प्रकाशक असतो आणि ते ग्रंथालयात जातं. पत्रक मात्र मोर्चा संपला की पायाखाली येतं.

१९६५: सूट, टाय आणि सुवाच्य अक्षर

कॅमेनी हे हार्वर्ड विद्यापीठातून डॉक्टरेट घेतलेले खगोलशास्त्रज्ञ. ते अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागात काम करत. १९५७ मध्ये त्यांना नोकरीतून काढण्यात आलं. समलिंगी व्यक्तींना सरकारी नोकरीत ठेवायचं नाही, असं तेव्हाचं सरकारी धोरणच होतं. १९६५ मध्ये इलिनॉय हे एक राज्य सोडलं तर अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांत समलिंगी संबंध हा गुन्हा होता.

१७ एप्रिल १९६५ रोजी 'मॅटाशीन सोसायटी ऑफ वॉशिंग्टन' या संघटनेची दहा माणसं व्हाइट हाउससमोर फलक घेऊन फिरली. त्याच वर्षी ४ जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, फिलाडेल्फियातल्या 'इंडिपेन्डन्स हॉल'समोर सुमारे चाळीस जण उभे राहिले. पुढे १९६९ पर्यंत दरवर्षी ४ जुलैला हे निदर्शन होत राहिलं.

या निदर्शनांत पोशाखाचा नियम ठरलेला होता. पुरुषांनी कोट-टाय घालायचा, स्त्रियांनी स्कर्ट किंवा ड्रेस. फलकावरची अक्षरं सरळ, ठळक आणि सुवाच्य हवीत. मजकूर संयमी असायचा. एका फलकावरची मागणी होती 'समलिंगींना पहिल्या दर्जाचं नागरिकत्व'. नोकरीच मागायची आहे, तर नोकरी देण्याजोगं दिसलं पाहिजे, असं कॅमेनींचं म्हणणं होतं.

आज ते फलक पाहिले तर फार सौम्य वाटतात. पण त्या दिवशी फलक धरणाऱ्या माणसाचा चेहरा उघडा होता आणि दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला तर नोकरी, घर, कुटुंब सगळंच जाऊ शकत होतं. अक्षर नीटनेटकं ठेवण्यामागे ही भीतीही होती आणि ती झाकण्याची धडपडही.

१९६९-७०: पत्रकांची भाषा बदलते

२८ जून १९६९ च्या पहाटे न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज भागातल्या 'स्टोनवॉल इन' या बारवर पोलिसांनी धाड घातली. असल्या धाडी नेहमीच्याच होत्या. या वेळी मात्र गिऱ्हाईकं आणि बाहेर जमलेला जमाव मागे हटला नाही. पुढचे काही दिवस रस्त्यावर संघर्ष चालू राहिला.

त्या दिवसांतले दोन मजकूर शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. एक स्टोनवॉलच्या बंद खिडकीवर रंगवलेला. त्यात मॅटाशीन सोसायटीने लोकांना शांत राहण्याची विनंती केली होती. दुसरं क्रेग रॉडवेल यांनी हजारोंच्या संख्येने वाटलेलं पत्रक. रॉडवेल यांचं शहरात समलिंगी साहित्याचं पुस्तकाचं दुकान होतं. माफिया आणि पोलीस या दोघांनाही समलिंगींच्या बारमधून बाहेर काढा, अशी त्या पत्रकाची मागणी होती. समलिंगींच्या बारना सरळ मार्गाने परवाने मिळत नसल्याने बरेचसे बार गुन्हेगारी टोळ्या चालवत आणि पोलिसांना हप्ते देत. हे सगळ्यांना माहीत होतं, पण असं छापून वाटणं नवीन होतं.

काही दिवसांनी, ४ जुलैला, फिलाडेल्फियातलं शेवटचं निदर्शन झालं. तिथे दोन स्त्रियांनी एकमेकींचे हात धरले, तेव्हा कॅमेनींनी ते सोडवले. रॉडवेल संतापले. पुढच्या वर्षी २८ जूनला न्यूयॉर्कमध्ये मोठा मोर्चा निघाला. त्यात पोशाखाचा नियम नव्हता. आज जगभर जे 'प्राइड मार्च' निघतात, त्यांची सुरुवात तिथली.

बिल्ला आणि टी-शर्ट

फलक मोर्चापुरता हातात असतो. बिल्ला मात्र माणूस बसमध्ये, कचेरीत, दुकानात लावून फिरतो. त्यामुळे बिल्ला लावणं हे दिवसभर चालणारं निदर्शनच असतं.

१९६८ मध्ये कॅमेनींनी 'गे इज गुड' ही घोषणा दिली. कृष्णवर्णीयांच्या चळवळीतल्या 'ब्लॅक इज ब्युटिफुल'वरून त्यांना ती सुचली होती. तीन शब्दांची ही घोषणा बिल्ल्यावर नेमकी बसली. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या 'गे ॲक्टिव्हिस्ट्स अलायन्स' या संघटनेने 'लॅम्डा' हे ग्रीक अक्षर आपलं चिन्ह म्हणून घेतलं. ते निवडलं होतं टॉम डोअर यांनी. अशा चिन्हाचा एक फायदा होता. ज्याला कळायचं त्याला कळे आणि बाकीच्यांना ते नुसतं अक्षर वाटे. म्हणजे एकाच बिल्ल्यात ओळख देणंही होतं आणि लपवणंही.

त्याच वर्षी १ मे रोजी न्यूयॉर्कमध्ये स्त्रीवादी संघटनांची परिषद भरली होती. समलिंगी स्त्रियांमुळे चळवळीचं नाव खराब होईल, अशी भीती काही नेत्यांना वाटत होती. त्यांच्यातल्या बेटी फ्रीडन यांनी समलिंगी स्त्रियांचा उल्लेख 'लॅव्हेंडर मेनेस', म्हणजे जांभळं संकट, असा केला होता. परिषद सुरू असताना सभागृहातले दिवे गेले. पुन्हा लागले तेव्हा काही स्त्रिया तेच शब्द छापलेले जांभळे टी-शर्ट घालून उभ्या होत्या. शिवी अंगावर घालून तिची धार काढून घेण्याचं हे ठळक उदाहरण आहे.

१९७८: कचऱ्याच्या पिंपात रंगवलेला झेंडा

इंद्रधनुषी झेंडा आज कंपन्यांच्या जाहिरातींतही दिसतो. पहिला झेंडा मात्र एका दिवसाच्या कार्यक्रमासाठी बनला होता.

सॅन फ्रान्सिस्कोमध्ये २५ जून १९७८ च्या मिरवणुकीसाठी गिल्बर्ट बेकर, लिन सेगरब्लोम, जेम्स मॅकनमारा आणि बऱ्याच स्वयंसेवकांनी मिळून दोन मोठे झेंडे तयार केले. सुती कापड कचऱ्याच्या मोठ्या पिंपांत रंगवलं आणि मग शिवलं. त्या झेंड्याला आठ पट्टे होते. पुढे झेंड्यांचं उत्पादन सुरू झालं तेव्हा भडक गुलाबी रंगाचं कापड मिळेना, म्हणून तो पट्टा गेला. नंतर निळसर-हिरवाही गेला आणि आजचा सहा पट्ट्यांचा झेंडा राहिला.

ते मूळ झेंडे हरवले असंच बराच काळ मानलं जात होतं. त्यांच्यातल्या एकाचा तुकडा सापडला आणि २०२१ पासून तो सॅन फ्रान्सिस्कोतल्या 'जीएलबीटी हिस्टॉरिकल सोसायटी'च्या संग्रहालयात आहे. जगातल्या सगळ्यात ओळखीच्या चिन्हांपैकी एकाची मूळ प्रत गमावण्याची वेळ आली होती, ती केवळ 'कार्यक्रम झाला, आता काय करायचं' या प्रश्नामुळे.

१९८७: काळं पोस्टर, गुलाबी त्रिकोण

१९८० च्या दशकात एड्सची साथ आली. अमेरिकेत समलिंगी पुरुष मोठ्या संख्येने मरत होते आणि सरकार जवळजवळ गप्प होतं. राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी या आजारावर पहिलं मोठं भाषण केलं ते मे १९८७ मध्ये. तोपर्यंत देशात २० हजारांहून अधिक बळी गेले होते.

त्या वर्षाच्या सुरुवातीला मॅनहॅटनच्या भिंतींवर रात्रीतून एक पोस्टर लागलं. काळी पार्श्वभूमी, मधोमध गुलाबी त्रिकोण आणि खाली 'सायलेन्स = डेथ', म्हणजे गप्प राहणं म्हणजे मरण. ॲव्हरम फिंकेलस्टीन यांच्यासह सहा जणांच्या गटाने ते तयार केलं होतं. आपापल्या माणसांच्या मरणाबद्दल बोलायला हे सहा जण एकत्र जमू लागले होते. पोस्टर कणकेच्या खळीने चिकटवलेलं होतं. त्यावर कोणाचं नाव नव्हतं.

गुलाबी त्रिकोणाचा इतिहास काळा आहे. नाझींच्या छळछावण्यांत समलिंगी पुरुषांच्या कपड्यांवर ओळखीसाठी टोक खाली असलेला गुलाबी त्रिकोण शिवला जात असे. पोस्टरमध्ये त्याचं टोक वर केलेलं आहे. मार्च १९८७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये 'ॲक्ट अप' ही संघटना स्थापन झाली आणि तिने हे चित्र बिल्ले, स्टिकर, टी-शर्ट या सगळ्यांवर नेलं.

ऑक्टोबर १९८८ मध्ये या संघटनेने अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कचेरीला घेराव घातला. नवी औषधं लवकर उपलब्ध व्हावीत, ही मागणी होती. त्या दिवशी काही फलक कबरीवरच्या शिळेच्या आकाराचे होते. चित्रकार डेव्हिड वॉयनारोविच यांच्या जाकिटाच्या पाठीवरचा मजकूर असा होता की मी एड्सने मेलो तर दफनाचं विसरा, माझा देह या प्रशासनाच्या पायऱ्यांवर टाका. १९९२ मध्ये त्यांचा एड्सनेच मृत्यू झाला.

१९६५ च्या फलकांशी याची तुलना केली की बावीस-तेवीस वर्षांतला फरक दिसतो. आधीच्या लोकांना नोकरी जाण्याची भीती होती, म्हणून ते जपून बोलत. आता हातात वेळच उरला नव्हता.

फलकांतून जन्मलेली गोधडी

सॅन फ्रान्सिस्कोमध्ये नोव्हेंबर १९८५ मध्ये मेणबत्ती मोर्चा निघाला होता. समलिंगी लोकप्रतिनिधी हार्वी मिल्क आणि महापौर जॉर्ज मॉस्कोनी यांच्या १९७८ मधल्या हत्येच्या स्मरणार्थ तो दरवर्षी निघे. क्लीव्ह जोन्स या कार्यकर्त्याने त्या वर्षी लोकांना सांगितलं की एड्सने गेलेल्या आपल्या माणसांची नावं पुठ्ठ्यांवर लिहा. मोर्चा संपल्यावर हे पुठ्ठे एका सरकारी इमारतीच्या भिंतीवर चिकटवले गेले. दुरून पाहताना जोन्स यांना ती तुकडे जोडून शिवलेली गोधडी वाटली.

त्यातून 'एड्स मेमोरियल क्विल्ट'ची कल्पना आली. प्रत्येक मृतासाठी तीन फूट बाय सहा फुटांचा, म्हणजे साधारण कबरीच्या मापाचा, कापडी तुकडा. आई-वडील, जोडीदार, मित्र ते शिवत. ११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टनमध्ये ही गोधडी पहिल्यांदा अंथरली तेव्हा तिच्यात १,९२० तुकडे होते. आज ती संख्या सुमारे ५० हजारांवर आहे. भिंतीवरचे पुठ्ठे वारा-पावसात टिकले नसते. त्यांची गोधडी झाली म्हणून ती नावं टिकली.

भारतात काय घडलं?

भारतात कलम ३७७ इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेतून आणलं. त्याविरुद्धची चळवळ अमेरिकेपेक्षा वेगळ्या वळणाने गेली, पण तिच्याही खुणा अशाच वस्तूंत आहेत.

११ ऑगस्ट १९९२ रोजी दिल्लीत पोलीस मुख्यालयासमोर 'एड्स भेदभाव विरोधी आंदोलन' या गटाने निदर्शनं केली. समलिंगी असल्याच्या संशयावरून कॅनॉट प्लेसच्या बागेतून पुरुषांना पकडल्याचा तो निषेध होता. भारतातलं समलिंगींच्या हक्कांसाठीचं हे पहिलं ज्ञात निदर्शन मानलं जातं. याच गटाने १९९१ मध्ये 'लेस दॅन गे' हा अहवाल काढला होता.

डिसेंबर १९९८ मध्ये दीपा मेहता यांच्या 'फायर' या चित्रपटाविरुद्ध शिवसैनिकांनी मुंबईत आणि नंतर दिल्लीत चित्रपटगृहांवर हल्ले केले. ७ डिसेंबरला दिल्लीच्या रीगल चित्रपटगृहाबाहेर त्याविरोधात लोक मेणबत्त्या घेऊन जमले. त्या गर्दीतल्या एका फलकावर 'इंडियन अँड लेस्बियन' एवढेच शब्द होते. समलिंगी स्त्रिया भारतीय संस्कृतीत नाहीतच, या दाव्याला तीन शब्दांत दिलेलं ते उत्तर होतं. तो फलक वर्तमानपत्रांच्या फोटोंमुळे लक्षात राहिला.

२ जुलै १९९९ रोजी कोलकात्यात पंधरा जण पिवळे टी-शर्ट घालून चालले. ती भारतातली पहिली प्राइड पदयात्रा. मुंबईत १६ ऑगस्ट २००८ रोजी 'क्वीअर आझादी मुंबई'चा मोर्चा ऑगस्ट क्रांती मैदानातून गिरगाव चौपाटीकडे निघाला. मैदान १९४२ च्या 'चले जाव'चं आणि तारीख स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवसाची. कलम ३७७ लादल्याबद्दल ब्रिटनने माफी मागावी, ही त्या मोर्चाची एक मागणी होती. देश स्वतंत्र झाला, आम्ही नाही, हे सांगायला याहून नेमकी जागा मिळाली नसती.

त्या सुरुवातीच्या भारतीय मोर्चांमधली एक वस्तू आवर्जून जपायला हवी. ती म्हणजे मुखवटा. घरच्यांना किंवा कचेरीत कळू नये म्हणून अनेक जण मुखवटे लावून चालत. कलम ३७७ दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये सौम्य केलं, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना गुन्ह्यातून वगळलं. त्या दहा वर्षांत किती चेहरे उघडे झाले, हे निकालपत्रं सांगू शकत नाहीत. मोर्चांतले मुखवटे आणि फोटो सांगू शकतात.

या वस्तू कोण जपतं?

बराच काळ सरकारी ग्रंथालयांना आणि संग्रहालयांना यात रस नव्हता. म्हणून लोकांनी आपापल्या घरात जपणूक केली. न्यूयॉर्कमधलं 'लेस्बियन हर्स्टोरी आर्काइव्ह्ज' १९७४ मध्ये सुरू झालं आणि अनेक वर्षं जोन नेसल यांच्या राहत्या घरात होतं. १९९३ मध्ये त्याला ब्रुकलिनमध्ये स्वतःची इमारत मिळाली. भारतात बेंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलमध्ये 'कमरा' या नावाने ओळखला जाणारा क्वीअर अभिलेखसंग्रह आहे.

या वस्तूंना दोन शत्रू आहेत. पहिला म्हणजे स्वस्त साहित्य. पत्रकाच्या हलक्या कागदात आम्ल असतं, त्यामुळे तो पिवळा पडून तुटतो. बिल्ल्याचं पत्रं गंजतं आणि शेजारच्या कागदावर डाग पाडतं. खळीला कीड लागते. चिकटपट्टीचा गोंद कागदात मुरतो. दुसरा शत्रू म्हणजे लाज. माणूस गेल्यावर घरचे कपाट आवरतात आणि 'असलं काही' कोणाला दिसू नये म्हणून आधी तेच बाहेर काढतात. एड्सच्या काळात कितीतरी संग्रह असेच गेले.

तुमच्याकडे असं काही असेल तर

जुन्या मोर्चाचं पत्रक, बिल्ला किंवा टी-शर्ट तुमच्याकडे किंवा तुमच्या माणसाच्या सामानात सापडला, तर पुढच्या गोष्टी लक्षात ठेवा.

- मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने तारीख, ठिकाण आणि ते कोणाकडून मिळालं ते लिहा. शाईचं पेन वापरू नका.
- लॅमिनेशन करू नका. ते परत काढता येत नाही.
- टाचण्या, रबरबँड आणि चिकटपट्टी काढता आली तर काढा. ओढून फाडू नका.
- बिल्ले कागदांपासून वेगळे ठेवा. सगळंच ऊन आणि ओलाव्यापासून लांब ठेवा.
- वस्तूचा स्वच्छ उजेडात फोटो काढून ठेवा.
- फोटोत इतरांचे चेहरे असतील तर त्यांना विचारल्याशिवाय ते समाजमाध्यमांवर टाकू नका. २००८ मध्ये मुखवटा लावून चाललेल्या माणसाचा मुखवटा काढण्याचा अधिकार आजही त्याचाच आहे.

शेवटचा मुद्दा संग्रहालयंही पाळतात. काही कागद देणाऱ्याच्या अटीप्रमाणे ठरावीक वर्षं बंद ठेवले जातात. म्हणजे एखादी वस्तू जपण्यासाठी ती लगेच जगाला दाखवावी लागत नाही. कॅमेनींचे फलकही चाळीस वर्षं माळ्यावरच होते.